३८ मिनिटांचं १२ कसं करू, आणि माऊस कुणाच्या हातात ठेवू?

शहाद्याचे_मास्तर:

नमस्कार मंडळी. शहादा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवतो. फिल्म मंडळ माझ्याकडे का आलं, तर स्टाफ मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा बाकीचे सगळे वहीत डोकं घालून बसले होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. एडिटिंगचं शिक्षण शून्य. यूट्यूबवर बघून जेवढं येतं तेवढं येतं.

यंदा सहा पोरं आहेत. चार मुलगे, दोन मुली. त्यांनी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणावर डॉक्युमेंटरी केली. एका मुलीच्या आजीच्या घरी श्रावणातल्या रोटांचं (कानबाईच्या नैवेद्याचे गव्हाचे रोट) शूटिंग केलं, गहू मोजण्यापासून ते सोमवारी नदीवर विसर्जनापर्यंत. दोन मोबाइल आणि एका फोटोग्राफरकडून मागून आणलेला कॅमेरा. फुटेज ९ तास ४० मिनिटं, क्लिपा २१३. दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी जुळवून पहिला कट आणला तो ३८ मिनिटांचा. ज्या स्पर्धेला पाठवायचंय तिथे मर्यादा १२ मिनिटं, नावांच्या पाट्या धरून.

दिग्दर्शन त्याच नातीचं आहे आणि ती एकही शॉट काढू देत नाही. मला वाटलं, नेहमीचंच, आपल्या शॉटवरचं प्रेम. खरं कारण तिने कँटीनमध्ये हळूच सांगितलं. "सर, रोटांना अख्खी भाऊबंदकी जमते. सुरतेचे काका खास सुट्टी टाकून आले, कॅमेऱ्यासमोर चार मिनिटं बोलले. आता सुरतेत सगळ्यांना सांगत फिरतायत, मी पिक्चरमध्ये आहे म्हणून. त्यांना कापलं तर पुढच्या श्रावणात मी त्या घरात कुठल्या तोंडाने जाऊ?" असे एकूण अकरा नातेवाईक आहेत. अकरा जणांची मिळून १९ मिनिटं होतात, मी मोजली.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायला जरा जड जातंय. गेल्या वर्षी आमच्या मंडळाने विहिरीचा गाळ काढणाऱ्या माणसावर फिल्म केली होती. तारीख जवळ आली, पोरांचं काही होईना, म्हणून मी दोन रात्री बसून स्वतःच कापली. तिला बक्षीस मिळालं. पोरं नाचली, मी पण नाचलो. मग स्टेजवर एका परीक्षकांनी दिग्दर्शक पोराला विचारलं, "तो माणूस दोर धरतो आणि तू एकदम रिकाम्या बादलीवर गेलास, ते का?" पोराने माइक हातात धरला, आणि प्रेक्षकांत मी जिथे बसलो होतो तिथे बघितलं. नुसतं बघितलं. मी मान खाली घातली. तो पोरगा त्यानंतर मंडळाकडे फिरकला नाही.

तर प्रश्न दोन. ३८ चं १२ कसं करायचं, आणि ते करताना मी नेमकं काय करायचं. हात लावला तर फिल्म माझी होते, नाही लावला तर होतच नाही. लॅपटॉप एका पोराच्या भावाचा आहे, ८ जीबी रॅमचा, सारखा अडकतो.


लोको_शेड_भुसावळ:

मास्तर, आधी मशीन, मग मन. लॅपटॉप अडकत असेल तर पोरं शॉट लहान करायचा कंटाळा करतात, हे माझं निरीक्षण आहे. एक कट मारायला वीस सेकंद थांबावं लागलं की माणूस म्हणतो, राहू दे, चांगलाच आहे.

प्रॉक्सी बनवा. सगळ्या क्लिपांच्या ७२० च्या हलक्या कॉप्या, त्यांच्यावर कापा, शेवटी मूळ फाइली जोडून रेंडर, म्हणजे पक्की फाइल काढायची. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत हे सगळं होतं आणि ४के पर्यंत फाइल निघते, तुम्हाला त्याहून जास्त लागणार नाही. ८ जीबीवर तेही कुंथत असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह बघा, दोन्ही फुकट.

मोबाइलची एक खोड सांगून ठेवतो. मोबाइल फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची तो आकडा, स्थिर धरत नाही, कमीजास्त करत राहतो. छोट्या क्लिपला कळत नाही, पण आजींची वीस मिनिटांची मुलाखत असेल आणि आवाज वेगळा घेतला असेल तर शेवटी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटला काढून घ्या, मगच टाइमलाइनवर, म्हणजे शॉट ओळीने मांडून कापायच्या पट्टीवर. आणि कॅमेरा २५ वर, मोबाइल ३० वर असं असणारच. ज्याचं फुटेज जास्त त्याचा आकडा प्रोजेक्टला पहिल्याच दिवशी द्या. रिझॉल्व्हमध्ये काम सुरू झाल्यावर तो बदलता येत नाही, मी एकदा अख्खा रविवार त्यात घालवलाय.

फुटेजच्या दोन कॉप्या दोन वेगळ्या घरात ठेवा. एकाच बॅगेत दोन हार्डडिस्क म्हणजे एकच कॉपी.

काकांचं मला काही सुचत नाही. आमच्याकडेही एक आहेत.


मिक्सिंगवाले_आबा:

राम राम मास्तर. मी धुळ्याचा. १९९४ पासून लग्नाची मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या कॅसेटचं एडिटिंग केलं, आता पोरगा धंदा बघतो आणि मी मागे खुर्ची टाकून बसतो. गेली काही वर्षं दिवाळीनंतर कॉलेजची पोरं आपापल्या फिल्मा घेऊन येतात, त्यांच्या पाठीमागेही असाच बसतो. तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. जरा लांबेल.

तुमच्या त्या पोरीची अडचण खरी आहे, तिला हसू नका. लग्नाच्या कॅसेटचा कायदाच तो होता की कुणी सुटता कामा नये. तीन तासांची व्हीएचएस, त्यात आहेराचेच चाळीस मिनिटं. एका लग्नात कॅसेट बदलताना नेमका मामाचा आहेर गेला. एक मिनिटाचं काम. त्या मामांनी आमची अर्धी रक्कम अडकवून ठेवली आणि पुढे त्यांच्या तीन पोरांच्या लग्नांत दुसरा शूटिंगवाला आणला. मी आजही त्यांच्या गल्लीतून जाताना गाडीचा वेग वाढवतो. तर पोरगी जे म्हणते ते मिक्सिंगवाल्याचं शहाणपण आहे. फक्त ते शहाणपण फिल्मला लावायचं नसतं. कॅसेट घरातल्यांसाठी, ज्यांना एकमेकांची नावं माहीत आहेत. फिल्म परक्यासाठी. परक्याला सुरतेचे काका म्हणजे पांढऱ्या शर्टातला एक माणूस.

म्हणून तिला सांगा, दोन कट कर. ३८ मिनिटांचा आहे तो घरचा कट. त्याला नीट आवाज लाव, पुढे कानबाईचा फोटो लाव, अकरा पेनड्राइव्हवर टाक आणि अकरा घरी स्वतः नेऊन दे. ते आधी. मग १२ मिनिटांना हात घाल. काकांना पिक्चर मिळालं की कात्री मोकळी होते. हे मी चार पोरांवर करून बघितलंय, चौघांचं जमलं.

आता तुमच्या हातांचं. आमच्या वेळी दोन व्हीसीआर, मध्ये मिक्सर. इकडून वाजवायचं, तिकडे रेकॉर्ड करायचं. दहाव्या मिनिटाला पाच सेकंद घालायचे राहिले तर दहाव्या मिनिटापासून पुढचं सगळं परत. कॉपीवरून कॉपी काढली की चित्र मरायचं, तिसऱ्या कॉपीत नवरीच्या शालूचा लाल रंग शेजारच्या माणसाच्या अंगावर सांडायचा. त्यामुळे आम्ही आधी विचार करायचो, मग बटण. आताच्या पोरांना कंट्रोल झेड आहे, दाबलं की केलेलं मोडतं. चांगलंच आहे, पण विचार करायची जागा गेली. मास्तरचं काम मला वाटतं ती जागा परत करून देणं.

मी काय करतो ते सांगतो. पहिले दोन दिवस लॅपटॉप बंद. सगळं फुटेज टीव्हीवर, सगळ्यांनी मिळून, न थांबवता बघायचं. कंटाळा येतो, येऊ द्या. लिहायचं नाही. रात्री घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं की काय आठवतंय. काय चांगलं होतं ते नाही विचारायचं, काय आठवतंय ते. २१३ क्लिपांतल्या वीस आठवतील. सहाही वह्यांत जे आलं ते फिल्मच्या पोटात आहे असं समजा.

मग पत्रिका. माझ्याकडे तीस वर्षांच्या उरलेल्या लग्नपत्रिका पडून आहेत, मागची बाजू कोरी. एक शॉट, एक पत्रिका. सतरंजीवर मांडायच्या, हलवायच्या, भांडायचं. पत्रिका उचलून खिशात घातली की शॉट गेला, आणि कुणाच्या जिवाला लागत नाही, कारण तो खिशात तर आहे.

टाइमलाइनवर बसले की मी मागे, भिंतीला टेकून. सेकंद सांगत नाही. हे मी चुकून शिकलो. रावेरकडच्या एका पोराने केळीच्या मजुरांवर फिल्म केली होती. चिखलातून घड खांद्यावर घेऊन माणूस शेतातून गाडीपर्यंत जातो, हा त्याच्या मागे मोबाइल घेऊन चालतोय, एकच शॉट, चार मिनिटांचा. मी म्हटलं, "अरे भो, कळलं की, तीस सेकंद कर." आबा म्हणाले म्हणून त्याने मुकाट्याने केला. फिल्म चटपटीत झाली. मग त्याने ती मजुरांना दाखवली, मला पण नेलं. बघून झाल्यावर तो खांद्यावर घड घेतलेला माणूस एवढंच म्हणाला, "आमचं ओझं इतकं हलकं नसतं."

मी घरी येईपर्यंत गप्प. शॉट लांब होता कारण वाट लांब होती. पोराला ते कळलं होतं, त्याला सांगता येत नव्हतं. त्याने परत घातला, सव्वादोन मिनिटांचा केला, स्वतः ठरवून.

तेव्हापासून मी फक्त माझं सांगतो. "इथे मी घड्याळ बघितलं." "इथे मला कळलं नाही ही कुणाची कोण." "इथे मला आजींकडे अजून बघायचं होतं आणि तू नेलंस." औषध सांगायचं नाही, दुखतंय कुठे तेवढं सांगायचं. पोरं जे औषध काढतात ते बहुतेक वेळा आपल्याला सुचलंच नसतं.

आणि एक खेळ. रशियात शंभरेक वर्षांपूर्वी कुलेशोव्हने एका नटाचा तोच तो निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाटीला जोडला, एकदा शवपेटीला, एकदा बाईला. बघणारे म्हणाले, काय अभिनय आहे, भूक वेगळी, दुःख वेगळं. तुम्ही आजींचा गप्प बसलेला चेहरा घ्या. एकदा रोटाच्या कणकेला जोडा, एकदा रिकाम्या खाटेला, एकदा मोबाइलवर बोलणाऱ्या नातवाला. पोरांना दाखवा, काही समजावू नका. दहा मिनिटांत एडिटिंग म्हणजे काय ते कळतं, मला ते कळायला पंधरा वर्षं गेली.


तापी_ते_अंधेरी:

आबा, तुमची भिंत आवडली. पण एका ठिकाणी माझं भांडण आहे.

मी नंदुरबारची, सध्या मुंबईत असिस्टंट एडिटर. कॉलेजात आम्हाला जे मार्गदर्शक होते ते अजिबात हात लावायचे नाहीत. तत्त्व होतं त्यांचं. परिणाम असा की आठ दिवस आम्ही एका जागी अडकलो. बाई दार उघडते, आत येते, आणि प्रत्येक वेळी काहीतरी खटकतं. आम्हाला वाटलं शॉटच वाईट आहे. मला नोकरी लागल्यावर पहिल्या आठवड्यात सिनिअर ताईंनी तसाच एक कट माझ्यासमोर घेतला, दाराचा आवाज दहा-बारा फ्रेम आधी सरकवला, चित्र तिथेच ठेवलं. खटकणं गेलं. आवाज आधी, चित्र मागून. वीस सेकंदांचं काम. मग त्यांनी कंट्रोल झेड मारलं, सगळं पहिल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, आता तू कर. मला एवढा राग आला होता कॉलेजच्या त्या आठ दिवसांचा, काय सांगू.

त्यामुळे मास्तर, कारागिरी हाताने दाखवा, आणि दाखवून मोडा. काय ठेवायचं, काय काढायचं, ते मात्र त्यांचं.

दुसरं, माऊस कुणाच्या हातात हे तुम्ही स्वतःपुरतं विचारलंय. पोरांमध्ये तो कुणाच्या हातात आहे? माझा अनुभव, ज्याचा लॅपटॉप तो एडिटर, आणि लॅपटॉप बहुतेक पोराचा असतो. मुलींकडे क्लिपांना नावं द्यायचं आणि वहीत लिहायचं काम येतं, कारण "तुमचं अक्षर चांगलं". तुमची दिग्दर्शक स्वतः टाइमलाइनवर बसते का, की मागे उभी राहून "नको, नको" म्हणते? कारण ज्याच्या हातात कात्री नाही त्याला फक्त नको म्हणता येतं. मी दोन वर्षं तेच केलं. हॉस्टेलच्या भिंतीवर मी रेणू सलुजांचं नाव लिहून ठेवलं होतं, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या, संकलनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार. आमच्या कॉलेजातल्या पोरांना ते पुरुषाचं काम वाटायचं म्हणून मुद्दाम.

तिसरं छोटंसं. पोरं एका गोष्टीवर फार वेळ घालवतात, आधीच्या शॉटमध्ये पेला डाव्या हातात होता, पुढच्यात उजव्या. वॉल्टर मर्च या एडिटरने चांगल्या कटाच्या सहा कसोट्यांना टक्के दिलेत, भावनेला ५१, गोष्टीला २३, लयीला १०, आणि असा जागेचा नि वस्तूंचा मेळ सगळ्यात शेवटी, ४ टक्के. टक्के काय, मोजपट्टी लावून थोडीच काढलेत. पण पेल्यावरून भांडण लागलं की मी ४ चा आकडा सांगते, भांडण मिटतं.

अहिराणीला सबटायटल करणार असाल तर फिल्म पक्की कापून झाल्यावरच बसा. आणि गाण्यांच्या ओळीन् ओळीला नको. वाचणारा माणूस ऐकत नाही.


शहाद्याचे_मास्तर:

तीन आठवड्यांनी येतोय. आबा, ताई, भुसावळकर, सगळ्यांचे आभार नंतर, आधी काय झालं ते.

ताई, तुम्ही विचारलंत आणि मी दुसऱ्या दिवशी गुपचूप मागे उभा राहून बघितलं. अगदी तेच. लॅपटॉपवाला पोरगा बसलेला, दिग्दर्शक मागे उभी. मी काही बोललो नाही, फक्त लॅबमधला एक जुना कॉम्प्युटर मागून घेतला, त्यावर प्रॉक्सी टाकल्या आणि तिच्यासमोर ठेवला. पहिला दिवस तिने नुसत्या फाइली बघण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी घरचा कट तिनेच पुरा केला. पेनड्राइव्ह वाटून झाले. सुरतेच्या काकांना पार्सल करायचं म्हणत होतो, पण नंदुरबार स्टेशनवर सुरतेला जाणारा एक पाहुणा सापडला.

मग आबांच्या वह्या. पत्रिका आमच्याकडे नव्हत्या, पोरांनी गावातल्या छापखान्यातून उरलेल्या आणल्या. कॅरमच्या खोलीत सतरंजी. गंमत अशी झाली की सहाही वह्यांत एक गोष्ट आली जी ३८ मिनिटांच्या कटात नव्हतीच. त्यांच्या घरात रोटांसाठी पुरुषागणिक सव्वा मूठ गहू मोजतात. आजी सुपात मूठ टाकतात आणि पुटपुटत एकेक नाव घेतात. कॅमेरावाल्याला वाटलं होतं रेकॉर्डिंग बंद आहे, मोबाइल गुडघ्यावर ठेवलेला, अर्धी फ्रेम सुपाची, अर्धी आजींच्या हाताची, चेहरा नाही. क्लिपेला नाव दिलं होतं "चुकून ४".

दिग्दर्शकाने ती क्लिप हेडफोन लावून पाच-सहा वेळा ऐकली. मी भिंतीला टेकून. मग ती वळून म्हणाली, "सर, सगळ्यांची नावं आहेत. काका, त्यांचा पोरगा, माझा भाऊ पण." थोड्या वेळाने म्हणाली, "माझं नाही येत."

मी गप्प बसलो. आबा, तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडावर दहा सूचना आल्या होत्या.

दोन दिवसांनी तिने जो कट दाखवला त्यात आजींचा मोजण्याचा आवाज आधी येतो, काळ्या पडद्यावर. मग प्रत्येक नावाला तो तो माणूस, एक-दीड सेकंद, कुणी ट्रकमधून उतरतंय, कुणी मंडप बांधतंय. सुरतेचे काका डोक्यावर नारळाची पिशवी घेऊन दारात. अकरापैकी आठ त्या एका मिनिटात बसले. बाकी तिघी आत्या आहेत. त्या, आई आणि ही स्वतः, पुढच्या साडेनऊ मिनिटांत आहेत, चुलीपाशी, कणीक तिंबताना, रात्रभर गाणी म्हणताना. म्हणजे फिल्म आता तीच झाली आहे. मी हे तिला सुचवलं असतं तर? सुचलं नसतं, हे खरं उत्तर.

एकदाच हात लावला. आवाज आधी सरकवायचा कसा ते दाखवलं आणि कंट्रोल झेड मारलं. तिने माझ्याकडे विचित्र बघितलं.

आताचा कट १२ मिनिटं ५० सेकंद. पन्नास सेकंद निघतील, पण नवीन अडचण आली आहे. आजींच्या मुलाखतीच्या मध्यात लाइट गेली होती. आधीच्या अर्ध्यात पंखा घरघरतोय, नंतरच्या अर्ध्यात चिडीचूप. आता दोन्हींतली वाक्यं शेजारी आली आहेत, त्यामुळे पंखा बंद चालू, बंद चालू होतो. आवाज साफ करायचं फिल्टर लावलं तर आजी बादलीतून बोलल्यासारख्या वाटतात. काय करावं?


मिक्सिंगवाले_आबा:

मास्तर, "चुकून ४" हे नाव बदलू देऊ नका.

पंख्याला काढू नका, पसरवा. काढायला गेलं की आजींच्या आवाजाचा लचका तुटतो. त्याच खोलीत जा, तोच पंखा, तोच वेग, दार-खिडक्या तेव्हा होत्या तशा. माइक आजी बसल्या होत्या तिथे. एक मिनिट कुणी बोलायचं नाही, चप्पल घासायची नाही. ती पट्टी चिडीचूप वाक्यांच्या खाली अंथरा, जोडाच्या ठिकाणी पाच-सहा फ्रेम हळूच चढवा. पंखा सगळीकडे असला की कानाला तो ऐकूच येत नाही. हे शूटिंगच्या दिवशीच करायचं असतं, पण पोरांना नाही सांगितलं कुणी, मलाही नव्हतं.

सुरतेचे काका आले असतील तर दुसऱ्या दिवशी जा.


शहाद्याचे_मास्तर:

जाऊन आलो. आजी अगदी शहाण्यासारख्या बसल्या होत्या, आणि बेचाळिसाव्या सेकंदाला म्हणाल्या, "आते पुरे व्हयनं. पहिले चहा पी ल्या."

बेचाळीस सेकंद पुरतील का?


मिक्सिंगवाले_आबा:

पुरतील, दोनदा जोडून वापरा. चहाचं वाक्य मात्र वेगळं काढून ठेवा, पोरीला दाखवा. कुठे घालायचं ते तुम्ही सांगू नका.